गाडीतला लहान दिवा

मोटारगाडीला किती दिवे असतात? पुढचे दोन मोठे दिवे आपल्याला ठाऊक आहेत. मागचे लाल दिवे ठाऊक आहेत. वळताना लुकलुकणारे पिवळे दिवे आपण रोज पाहतो. पण आणखी एक दिवा असतो. तो गाडीच्या आत असतो, छताला. दार उघडले की तो लागतो. दार लावले की विझतो. त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ह्या धड्यात आपण त्याच दिव्याची हकीकत वाचू.

वर्धा जिल्ह्यात आष्टी हे तालुक्याचे गाव आहे. १९४२ सालच्या चळवळीत इथे माणसांनी प्राण दिले. म्हणून लोक ह्या गावाला आष्टी शहीद म्हणतात. आसपास कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा आहेत. तळेगावला गेले की नागपूर-अमरावतीचा मोठा रस्ता लागतो. लहान गावांतली माणसे जीपने आष्टीला येतात, आष्टीहून पुढे तळेगावला, आर्वीला जातात. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दिवसा माणसे वाहणारी ही गाडी रात्री-बेरात्री दवाखान्याची गाडी होते. गावात एकच जीप असली म्हणजे मग काही विचारायलाच नको.

आम्ही कामानिमित्त आष्टीजवळच्या एका गावात मुक्कामाला होतो. श्रावणाचे दिवस होते. दोन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. नाल्याला पूर आला होता, म्हणून गावची जीप घरासमोर उभीच होती. तिच्यावर ताडपत्री टाकलेली होती. तिसऱ्या रात्री पाऊस थांबला, नाला उतरला, आणि त्याच रात्री शेजारच्या घरी माहेरी आलेल्या मुलीला कळा सुरू झाल्या. पहिलेच बाळंतपण. फोनला रेंज नव्हती. मुलीचे वडील कंदील घेऊन जीपवाल्याच्या दारात आले.

जीपवाला उठला. ताडपत्री काढली. पाहतो तर काय, गाडीच्या आत छताचा दिवा लागलेला! लागलेला म्हणजे कसा? विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, लालसर. त्याने चावी फिरवली. गाडी नुसती कट् कट् करून गप्प झाली.

"काय झालं गा?" मुलीच्या वडिलांनी विचारले.

"सेल्फच नाही घेऊन राहिली, काकाजी. बॅटरी उतरली."

"काऊन उतरली? गाडी तं दोन दिवस उभीच होती!"

"तेच तं मले समजून नाही राहिलं. दार तं मी लावलं होतं."

त्या वेळी समजून घ्यायला वेळ नव्हता. आठ-दहा माणसे जमली. मारुतीच्या देवळापासून रस्ता उताराचा आहे. जीप ढकलत तिथपर्यंत नेली. चिखलात पाय रुतत होते. जीपवाल्याने चावी चालू केली, क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. गाडीने उतारावर वेग घेतला तसा त्याने क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला, दुसरा दिला, धूर सोडला आणि इंजिन लागले. मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचली. पहाटे तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

जुन्या डिझेल गाड्या अशा ढकलून चालू होतात. पुष्कळ नव्या गाड्या होत नाहीत. ज्यांचा गिअर आपोआप बदलतो त्या तर नाहीतच. आणि रस्ता उताराचा नसता तर? म्हणून दिवा का जळत राहिला, हे शोधणे जरूर होते.

दुसऱ्या दिवशी आष्टीहून गाड्यांचे वायरिंग करणारे एक मिस्त्री आले. वय साठीच्या घरात. हातात एक पेचकस, एक पक्कड आणि दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब. एवढेच सामान. आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि विचारत गेलो. त्यांनी सांगितले ते पुढे आमच्या शब्दांत देत आहोत.

आधी विजेची वाट समजून घेऊ. वाट कळली की बिघाड सापडतो. वाट न कळता पेचकस हाती धरला तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

आपल्यापैकी वयस्क माणसांनी रहाट पाहिला असेल. विहिरीवर बादल्यांची माळ फिरत असे. भरलेल्या बादल्या वर येत, रिकाम्या खाली जात. माळ गोल आणि अखंड असली तरच पाणी वर येई. माळेची एक कडी तुटली की सगळा रहाट बंद. विजेचेही असेच आहे. ती बॅटरीतून निघते आणि फिरून बॅटरीतच परत यावी लागते. वाटेत कुठेही तुटले की दिवा लागत नाही.

आता ही वाट पाहा. बॅटरीला दोन टोके असतात. एकावर अधिकची खूण असते, दुसऱ्यावर उण्याची. अधिकच्या टोकातून वीज फ्यूजमध्ये येते. फ्यूजमधून छताच्या दिव्यात. दिव्यातून एक तार दाराच्या चौकटीत उतरते. तिथे एक लहान घुंडी असते. घुंडीतून वीज गाडीच्या लोखंडात जाते, आणि लोखंडातून बॅटरीच्या उण्या टोकात परत. परत जायला वेगळी तार नाही. गाडीचे लोखंडी अंग हीच तार. ह्याला मिस्त्री लोक अर्थ म्हणतात.

घुंडीचे काम फार सोपे आहे. दार लावले की दार घुंडीला आत दाबते. दाबली की वाट तुटते आणि दिवा विझतो. दार उघडले की स्प्रिंग घुंडीला बाहेर ढकलते. वाट जुळते, दिवा लागतो. घरातले बटण आपण हाताने दाबतो. हे बटण दार दाबते, इतकाच फरक.

आणखी एक गोष्ट. छताच्या दिव्यावरही एक खटका असतो. त्याच्या तीन जागा असतात. एका जागी दिवा सदा चालू. एका जागी सदा बंद. आणि एका जागी दाराप्रमाणे, म्हणजे दार उघडले तर चालू, लावले तर बंद. ह्या जागेवर बहुधा दाराचे चित्र असते. कित्येकदा मुलांचा हात लागून खटका सरकतो आणि माणूस गाडी घेऊन थेट मिस्त्रीकडे जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हणून सर्वांत आधी खटका पाहावा. त्याला पैसा लागत नाही.

मिस्त्रींनीही आधी खटकाच पाहिला. तो दाराच्या जागी होता. त्यांनी जीपवाल्याला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा लावायला सांगितले, म्हणजे दिवा नीट दिसेल. दिवा लख्ख लागला. सगळी दारे लावली. दिवा लागलेलाच. खटका बंदच्या जागी सरकवला. दिवा विझला. पुन्हा दाराच्या जागी आणला. पुन्हा लागला.

"आता सांगा, बिघाड कुठे आहे?" त्यांनी विचारले.

जीपवाला म्हणाला, "दिवाच खराब असेल."

"दिवा खराब असता तं लागला कसा? दिवा बेस आहे. फ्यूजपासून दिव्यापर्यंत वीज येऊन राहिली. खटकाबी चांगला. बिघाड दिव्याच्या पलीकडे आहे. दिव्यातून दारापर्यंत जाते त्या वाटेत."

पाहा, एका पेचालाही हात न लावता त्यांनी अर्धी गाडी बाजूला काढली. आम्हाला ह्याचेच कौतुक वाटले. शेतात पाणी पोचत नसेल तर आपण पाटाच्या कडेने चालत जातो. इथवर ओले आहे, इथून पुढे कोरडे आहे, म्हणजे पाट इथेच फुटला. तसेच हे.

मग त्यांनी एकेक दार उघडून घुंडी बोटाने दाबली. पावसाळ्यात घुंडीत चिखल जातो, गंज चढतो आणि ती आतच अडकते किंवा बाहेरच राहते. बाहेर राहिली तर दार लावूनही दिवा जळतो. कधी घुंडीवरचे रबर झिजते आणि दार तिला पुरते दाबत नाही. हा बिघाड सर्वांत जास्त आढळतो. घुंडी पुसावी, पॉलिश पेपरने हलकी घासावी, एवढ्याने पुष्कळदा काम होते. नवी घुंडीही फार महाग नसते.

पण ह्या गाडीच्या सर्व घुंड्या चांगल्या होत्या. मिस्त्रींनी एकेक घुंडी पेच काढून बाहेर ओढली आणि तिची तार सोडवली. चारही तारा सुटल्या. तरी दिवा जळतच होता!

"म्हणजे तारच कुठंतरी लोखंडाले लागली," ते म्हणाले. "गाडीले कोणी नवीन काही ठोकलं का?"

जीपवाला आठवू लागला. मग त्याच्या बायकोने आतून सांगितले, "परवा मागचा बाक नाही का बसवला तुम्ही?"

खरेच. पाऊस लागण्याआधी त्याने मागे एक लहान बाक बसवला होता. बाकाचा एक स्क्रू गाडीच्या बाजूच्या पत्र्यात घातला होता. मिस्त्रींनी तो स्क्रू काढला. दिवा तत्काळ विझला. आत पाहिले तर स्क्रू नेमका घुंडीच्या तारेत शिरला होता. तार सोलली होती आणि स्क्रूमधून वीज लोखंडात जात होती. गाडीला वाटत होते की दार उघडेच आहे!

बाक बसवला तेव्हा दारे उघडी होती. दिवा लागलेला असणारच, म्हणून कोणाला काही वाटले नाही. मग पाऊस आला. घाईघाईने दारे लावली आणि वरून ताडपत्री टाकली. दिवा ताडपत्रीखाली दोन दिवस जळत राहिला.

एवढासा दिवा एवढी मोठी बॅटरी कशी पितो? हिशेब करून पाहू. ह्या दिव्याचा बल्ब १० वॉटचा होता. बॅटरी १२ व्होल्टची. १० ला १२ ने भागले की साधारण ०.८ अँपिअर येतात. म्हणजे दर तासाला बल्ब ०.८ माप वीज पितो. दोन दिवस म्हणजे ४८ तास. ४८ गुणिले ०.८ म्हणजे ३८ मापांच्या वर. अशा जीपची बॅटरी नवी असताना साधारण ६० ते ८० मापांची असते. ह्या मापाला अँपिअर-तास म्हणतात. पण ही बॅटरी जुनी होती. जुन्या रांजणात तळाशी गाळ बसतो, बाहेरून तो तेवढाच दिसतो, पण पाणी निम्मेच मावते. जुनी बॅटरी तशीच. शिवाय सेल्फ मारताना इंजिन फिरवायला २०० अँपिअरच्याही वर जोर लागतो. दिवा वाटीने पितो, सेल्फ रांजण उपडा करतो. तळाशी उरलेल्या पाण्याने त्याचे भागत नाही.

नवी बॅटरी असती तर एका रात्रीच्या दिव्याने बहुधा काही झाले नसते. पण जुन्या बॅटरीला एक रात्रही पुरे होते. म्हणून दिवा न लागणे हा लहान बिघाड. दिवा न विझणे हा मोठा. अंधारात चावी शोधता येते. मेलेल्या बॅटरीवर गाडी निघत नाही.

काम संपले असे आम्हाला वाटले. पण मिस्त्री म्हणाले, "फ्यूजची पेटी दाखव." जीपवाला जरा घुटमळला. पेटी डॅशबोर्डखाली होती. झाकण उघडले. आत रंगीत फ्यूज ओळीने बसलेले. एका जागी मात्र फ्यूज नव्हता. तिथे तांब्याची तार पिळून बसवली होती.

"हे काय आहे?"

"तीनदा फ्यूज उडला, मिस्त्री. घडीघडी कोण आणते आष्टीहून? मंग तार टाकली."

मिस्त्री रागावले. आम्हालाही वाटते, रागवायलाच हवे होते. कारण ऐका.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी. तारेतून नको तेवढी वीज वाहू लागली की फ्यूज आधी वितळतो आणि वाट तोडतो. स्वतः जळून तो गाडी वाचवतो. त्याच्या जागी जाड तार घातली तर ती वितळत नाही. मग छतातली, दारातली, गादीखालची तार तापते. तिचे वरचे आवरण वितळते. जाळ लागू शकतो. त्यात आपला मुलूख कापसाचा. वेचणीच्या दिवसांत ह्याच जीपमध्ये बायका बसतात, पायाशी कापसाची गाठोडी असतात. कापसाला ठिणगी किती लागते, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला आम्ही सांगायला नको.

तार दिव्याच्या अलीकडे लोखंडाला लागली आणि पलीकडे लागली, ह्यांत मोठा फरक आहे. पलीकडे लागली तर दिवा जळत राहतो. आत्ता पाहिले तसे. तिथे वीज आधी दिव्यातून गेलेली असते, दिवा तिला आवरतो. पण अलीकडे, म्हणजे फ्यूज आणि दिवा यांच्यामध्ये तार लोखंडाला लागली, तर विजेला आवरायला कोणी नाही. बांध फुटल्यासारखी ती धावते. तिथे फ्यूजच आपला राखणदार. ह्या गाडीत बाकाचा स्क्रू चार बोटे इकडे शिरला असता आणि दुसऱ्या तारेत गेला असता, तर त्या रात्री ताडपत्रीखाली दिवा नव्हे, आग लागली असती.

मग फ्यूज तीनदा का उडाला होता? ह्या दिव्याच्या फ्यूजवरच बहुतेक गाड्यांत दुसरीही कामे असतात. रेडिओ असतो, मोबाइल चार्ज करायचा खळगा असतो. त्यातून आपले जीपवाले हौशी. देवाच्या फोटोला रंगीत दिव्यांची माळ, मोठे स्पीकर, आणखी एक निळा दिवा, सगळे त्याच तारेवर. एका बैलाच्या गाडीत चार बैलांचे ओझे! मिस्त्रींनी माळ सोडवली, निळा दिवा सोडवला. मग चार्जरच्या खळग्यात उजेड पाडून पाहिले. तळाशी एक रुपयाचे नाणे पडले होते. खळग्याच्या मधोमध अधिकची वीज असते आणि कडेचा पत्रा उण्याचा असतो. नाण्याने दोन्ही जोडले की फ्यूज उडतो. गाडी हलली की नाणे सरकते आणि फ्यूज टिकतो. पुन्हा खड्डा, पुन्हा नाणे, पुन्हा फ्यूज. आधी बॅटरीचे उणे टोक सोडून त्यांनी नाणे काढले. लोखंडी चिमटा चालू गाडीत कधी घालू नये, हेही सांगितले.

आता नवा फ्यूज किती मापाचा घालायचा? झाकणाच्या आतल्या बाजूला फ्यूजचा नकाशा असतो. चित्रे असतात आणि आकडे असतात. जीपवाल्याची बायको नुकतीच वाचायला शिकली होती. तिने झाकण हातात घेतले. नोटेवर आणि बसवर असतात तसले आकडे तिला ओळखीचे होते. दिव्याच्या चित्राशेजारी बोट ठेवून ती म्हणाली, "दहा."

"बराबर, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "अन् रंग?"

चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. आकडा फ्यूजच्या माथ्यावरही लिहिलेला असतो. १० च्या जागी १० चाच घालावा. १० नाही म्हणून ३० चा घालणे आणि तार घालणे, यांत फारसा फरक नाही. नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसरा घालत बसू नये. कारण शोधावे.

आता उलटा बिघाड घेऊ. दिवा लागतच नाही, असे झाले तर? हे लवकर सांगून होईल, कारण वाट तीच आहे.

खटका चालूच्या जागी नेऊन पाहावा. तरी लागला नाही, तर बल्ब किंवा फ्यूज. रेडिओ, चार्जरही बंद असेल तर बहुधा फ्यूज. ते चालत असतील तर बहुधा बल्ब. दिव्याचे प्लास्टिकचे झाकण पेचकसाच्या टोकाने हळूच निघते. आतला बल्ब लांबट असतो, दोन्ही टोकांना टोप्या असलेला, आणि दोन पत्र्यांच्या चिमट्यांत बसलेला. आतली बारीक तार तुटली असेल किंवा काच काळी पडली असेल तर बल्ब गेला. बल्ब चांगला असेल तर चिमटे पाहावेत. खडबडीत रस्त्याने ते सैल होतात, मग खड्ड्यात गाडी गेली की दिवा लागतो आणि विझतो. दिवा बंद करून, बल्ब काढून, चिमटे बोटाने थोडे आत दाबावेत.

चालूच्या जागी लागतो, पण दार उघडल्यावर लागत नाही? मग बल्ब आणि फ्यूज दोन्ही निर्दोष. एकाच दाराने लागत नसेल तर त्या दाराची घुंडी. कोणत्याच दाराने लागत नसेल तर घुंड्यांकडे जाणारी सामाईक तार. काही गाड्यांत तारा बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात जातात. दार हजारदा उघडते-मिटते आणि आत तार तुटते, बाहेरून मात्र काही दिसत नाही. आणि उंदीर विसरू नका. धान्याच्या खोलीजवळ उभ्या केलेल्या गाडीत तो पावसाळ्यात बिऱ्हाड करतो आणि तारा कुरतडतो.

मिस्त्रींच्या हातातला तो दोन तारांचा बल्ब आता आठवा. त्याला टेस्ट लॅम्प म्हणतात. एक तार उघड्या लोखंडाला लावायची, दुसरी जिथे वीज आहे का पाहायचे तिथे टेकवायची. बल्ब लागला तर तिथवर वीज आली. पाटाच्या कडेने चालण्याचीच ही रीत. नव्या गाड्यांत मात्र हे जपून करावे. त्यांत दिव्यांचा कारभार एका लहान कॉम्प्युटरकडे असतो, घुंडी दाराच्या कुलपातच असते. तिथे मीटर वापरावा. तुमच्या गाडीत दार लावल्यावर दिवा हळूहळू मंद होत विझत असेल तर तो बिघाड नव्हे, तशी सोयच आहे. काही गाड्या तर विसरलेला दिवा थोड्या वेळाने आपणच विझवतात. आणि पिवळ्या आवरणातल्या तारांना हात लावू नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. अपघातात फुगणारी ती पिशवी तोंडावर फुटली तर इजा होते.

आता एलईडीचे बल्ब मिळतात. त्यांना एक-दोन वॉट पुरतात, म्हणून विसरला तरी बॅटरी लवकर उतरत नाही. एलईडी बसवला आणि लागला नाही, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. तो उलटा फिरवून बसवा. साधा बल्ब कसाही लागतो. एलईडीला पुष्कळदा अधिक-उण्याची बाजू लागते.

घरची वीज २३० व्होल्टची असते. ती माणूस मारते. गाडीची १२ व्होल्टची, तिचा असा झटका बसत नाही. म्हणून काही लोक बेफिकीर होतात. पण लोखंडी पाना बॅटरीच्या दोन टोकांना एकदम लागला तर लाल होतो. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना उणे टोक आधी सोडवावे आणि जोडताना शेवटी जोडावे. उणे आधी सुटले असेल तर मग पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही. दुसऱ्या गाडीवरून तारा लावतानाही असेच. लाल तार दोन्ही अधिक टोकांना. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये.

मिस्त्रींनी सोललेल्या तारेला काळी टेप गुंडाळली, बाकाचा स्क्रू दोन बोटे वर घेतला, लाल फ्यूज बसवला. मग दारे लावून सगळ्यांना गाडीच्या काचेला डोळे लावायला सांगितले. दिवा विझलेला होता. एक पोरगे मागचे दार उघडून पुन्हा लावू लागले. लागला, विझला. लागला, विझला. त्याला आवरावे लागले.

चहा झाला. मिस्त्री निघाले. जीपवाल्याच्या बायकोने आपली अभ्यासाची वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिले. अक्षर मोठे आणि थोडे वाकडे होते. आम्ही तिच्या परवानगीने ते इथे देतो:

छताचा दिवा. फ्यूज लाल. दहा. दोन जास्तीचे आणून डब्यात ठेवणे. रात्री ताडपत्री टाकण्याआधी आत पाहणे. बॅटरी जुनी आहे, कापूस विकला की नवी घेणे.